पोळी बंद करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नळीभर रक्तातून शेकडो पदार्थांची अ‍ॅलर्जी तपासून देणाऱ्या ‘पॅकेज’च्या जाहिराती सध्या जिकडेतिकडे दिसतात. त्यांच्या अहवालात सहसा न छापल्या जाणाऱ्या एका ओळीविषयी हा पत्रप्रपंच.

माझ्या अकरा वर्षांच्या नातवाला दमा आहे. गेल्या दिवाळीत एका प्रयोगशाळेत त्याची अशीच तपासणी केली. गहू, शेंगदाणा, सोयाबीन, तीळ, मका, टोमॅटो, गवताचे परागकण अशा एकोणीस नावांपुढे ‘पॉझिटिव्ह’ आले होते. बहुतेक आकडे लहान आणि एकमेकांच्या आसपासचे होते, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा तेवढा भलामोठा. दूध, अंडी, मासे मात्र निरंक. जन्मापासून पोळी आणि दाण्याची चटणी खाणाऱ्या या मुलाच्या अंगावर कधी साधे पित्तही उठले नव्हते, तरी दुसऱ्या दिवशी डब्यातून दोन्ही गोष्टी गेल्या.

आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण किडे सोडले तर बाकी सारी यादी वनस्पतींची आहे, हे मला खटकले. वनस्पतींच्या पुष्कळ प्रथिनांवर शर्करांच्या लहान फांद्या असतात. तशा त्या आपल्याही प्रथिनांवर असतात; फरक आहे तो जोडणीत. फांदीच्या बुडाशी असलेल्या शर्करेच्या सहाव्या कार्बनला आपल्या शरीरात फ्यूकोज (आणखी एक शर्करा) जोडले जाते, वनस्पतींत ते तिसऱ्या कार्बनला जोडलेले असते, आणि त्याच फांदीवर झायलोजही असते, जे आपल्याकडे त्या जागी नसते. एवढ्यावरून काही जणांची प्रतिकारशक्ती ही फांदी परकी ठरवते आणि तिच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या या तपासण्यांत मोजली जाणारी प्रतिपिंडे, तयार करते. गहू, शेंगदाणा, अननस, परागकण या सर्वांवरची फांदी जवळजवळ सारखीच असल्यामुळे त्याच प्रतिपिंडांमुळे अहवालातल्या डझनभर ओळी ‘पॉझिटिव्ह’ होतात. प्रत्यक्षात तो पदार्थ खाल्ल्यावर मात्र बहुधा काहीच होत नाही. संशोधक आल्बर्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये १९८१ सालीच भाज्या, परागकण आणि मधमाशी-गांधीलमाशीचे विष यांना एकाच वेळी चिकटणाऱ्या अशा प्रतिपिंडांची नोंद केली होती. या शर्करांना ‘सीसीडी’ (क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्ह कार्बोहायड्रेट डिटर्मिनंट्स) म्हणतात, आणि अशी फांदी असलेले अननसातले ब्रोमेलेन हे प्रथिन वापरून त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तपासता येतात. नातवाची ती तपासणी पुढे तज्ज्ञांनी करवून घेतली. ती ‘पॉझिटिव्ह’ आली, आणि त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत गहू व शेंगदाणा दोन्ही निर्दोष सुटले. किडे तेवढे राहिले. अडीच महिन्यांनी पोळी परत आली आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुण्याचा नियम घरात लागू झाला.

शर्करेविरुद्धची प्रतिपिंडे नेहमीच निरुपद्रवी असतात, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अमेरिकेच्या आग्नेय भागात सेटुक्सिमॅब हे कर्करोगाचे औषध पहिल्यांदाच देताना काही रुग्णांना जीवघेणी प्रतिक्रिया आली. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की, त्या रुग्णांच्या रक्तात आल्फा-गॅल या शर्करेविरुद्धचे आयजीई आधीपासूनच होते. माणसात नसलेली ही शर्करा औषधावर आली ती ते उंदराच्या पेशींत बनवले जात असल्यामुळे. गाई-बकऱ्यांच्या मांसातही ती असते. गोचीड चावल्यानंतर ही प्रतिपिंडे तयार झालेल्या माणसाला मटण खाल्ल्यावर तीन-चार तासांनी, म्हणजे जेवणाचा संशयही येणार नाही अशा वेळी, अंगभर पित्त उठते; कधी श्वासही कोंडतो.

म्हणूनच खाल्ल्यावर नेमके काय झाले आणि किती वेळाने झाले, हे विचारल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून आहार ठरवू नये. शेंगदाणा खाल्ल्यावर ज्याचे ओठ सुजतात, त्याने सीसीडीच्या भरवशावर तो पुन्हा खाऊन पाहू नये, हेही तितकेच खरे. माझी विनंती साधी आहे: एवढी लांबलचक यादी तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी सीसीडीचा आकडा त्याच पानावर, वेगळे पैसे न आकारता छापावा, आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे प्रतिपिंडे सापडली, अ‍ॅलर्जी सिद्ध झाली नव्हे, हे खाली मराठीत लिहावे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा