कार्बन नेमका कुठे साचला, ते आधी विचारा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की गाड्यांच्या सर्व्हिस शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. तिथल्या अंदाजपत्रकात ‘इंजिन डिकार्बनायझेशन’ (इंजिनात साचलेला कार्बन काढणे) ही दीड-दोन हजारांची ओळ हमखास सापडते, मग गाडी जेमतेम दहा हजार किलोमीटर चाललेली का असेना. उलट ज्याच्या गाडीला या कामाची खरोखर गरज असते, त्याला ‘सर, सकाळी थंड असताना एवढं होतंच’ किंवा ‘पेट्रोल कुठे भरता?’ असे ऐकून परतावे लागते. यातला बराचसा गोंधळ ‘कार्बन’ या एका शब्दाने घातला आहे. तो इंजिनात तीन-चार वेगवेगळ्या जागी साचतो आणि एका जागेचा उपाय दुसरीकडे चालत नाही.

इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर क्लीनरने पुसून काढणे आणि स्कॅनरवर अ‍ॅडाप्टेशन करणे (थ्रॉटलची नवी स्थिती गाडीच्या संगणकाला शिकवणे) हे तासाभराचे काम. इंजेक्टरच्या तोंडाशी आणि पिस्टनच्या माथ्यावर बसलेल्या थरापर्यंत पेट्रोल पोचते, म्हणून पॉलिइथरअमाइन हे कार्बन सोडवणारे रसायन असलेले औषध टाकीत ओतल्यास तिथे थोडाफार गुण येतो. खरी डोकेदुखी सिलिंडरमध्ये हवा घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरच्या थराची. एमपीएफआय (मल्टिपॉइंट इंजेक्शन) इंजिनात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हआधीच्या हवेच्या वाटेत, फवारले जाते आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन काढते. टीएसआय, टर्बो जीडीआय, टीजीडीआय अशा नावांच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत ते थेट सिलिंडरमध्ये जाते. क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या कप्प्यातून) पीसीव्ही या तिथली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेमार्गे येणारी तेलाची वाफ मात्र व्हॉल्व्हवरूनच जाते, तापलेल्या धातूला चिकटते आणि भाजून घट्ट होते. म्हणजे या थराचा दोष पेट्रोल पंपावर ढकलता येत नाही आणि टाकीत ओतलेली बाटलीही तिथवर पोचत नाही. सल्लागाराने या दोन्हींपैकी एक गोष्ट सांगितली, तर त्याने इंजिनाचा प्रकारच पाहिलेला नाही असे खुशाल समजावे.

डीलरकडे जाताना ‘कार्बन काढा’ असे म्हणू नये. लक्षण सांगावे आणि तेच शब्द जॉबकार्डावर लिहून घ्यावेत: ‘सकाळी पहिल्या स्टार्टला एक-दोन मिनिटे इंजिन थरथरते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, कमी आरपीएमवर गाडी ओढत नाही.’ तिथे ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले, तर पुढे त्या कागदाचा काही उपयोग नाही. गाडी आदल्या संध्याकाळी लावून सकाळचा पहिला स्टार्ट आपल्यासमोर करायला सांगावा. गरम इंजिनावर चक्कर मारून ‘काही नाही, ओके आहे’ म्हणणे सोपे असते, कारण हा दोष मुख्यतः थंड इंजिनावरच दिसतो. स्कॅनर जोडल्यावर पी0300 ते पी0304 यांपैकी कुठले मिसफायरचे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचे) कोड आले, कुठल्या सिलिंडरचा मिसफायर आकडा वाढतोय आणि फ्रीझ फ्रेममध्ये (दोष घडला त्या क्षणाच्या माहितीत) काय नोंदले गेले, याची प्रिंट कोड पुसण्याआधी घ्यावी. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग भलताच महाग असतो.

त्यानंतर स्वस्त कारणे बाद करायची. मिसफायर होणाऱ्या सिलिंडरची, प्लगला वीज देणारी कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. कोड तिच्याबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. प्लगचेही तसेच. दोन्ही करून कोड जागच्या जागी राहिला आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) ठीक असेल, तर इनटेकमधून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून प्रत्येक व्हॉल्व्हचा फोटो मागावा. फोटोशिवाय कार्बनच्या कुठल्याही कामाला होकार देऊ नये.

थर जाड निघाल्यास भरवशाचा उपाय एकच: इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भरडा दाबाच्या हवेने मारणे. हा भरडा कार्बन उडवतो, पण धातूला चरा पाडत नाही. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले हवेत. त्यासाठी क्रँक हाताने फिरवून तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याच्या बिंदूला, आणतात. इथे घाई झाली की भरडा सिलिंडरमध्ये उतरतो. पोर्टला अ‍ॅडाप्टर लावून त्याला व्हॅक्यूम जोडलेला असतो. काही सेकंद मारा, पाहा, पुन्हा मारा, असे करत जायचे आणि शेवटी पोर्ट हवेने स्वच्छ झाडायचे. मॅनिफोल्डचे गॅस्केट नवे घालावे, नाहीतर हवा चोरून आत शिरते आणि पुन्हा तीच थरथर सुरू होते. चार सिलिंडरच्या गाडीला यात जवळपास अख्खा दिवस जातो. त्यामुळे वीस मिनिटांत थ्रॉटलमधून फेस मारून कोणी ‘डिकार्ब झालं’ म्हणाले, तर त्याने हे काम केलेले नाही. शिवाय टर्बो गाडीत भिजून सुटलेले कार्बनचे खडे टर्बाइनच्या पात्यांवर आदळण्याची भीती असते.

पैसे कोणी द्यायचे यावर खरी घासाघीस होते. बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत कार्बन साफ करणे हे देखभालीत धरलेले असते आणि डीलर त्याच ओळीवर बोट ठेवतो. म्हणून प्रश्न बदलावा: एवढे तेल इनटेकमध्ये आले कुठून? पीसीव्हीचा पडदा फाटला असेल, टर्बोचे सील गळत असेल किंवा पिस्टन रिंग तेल सोडत असतील, तर तो सुट्या भागाचा दोष आणि दावा त्यावर करता येतो. ऑइल कन्झम्प्शन टेस्ट लेखी मागावी. तेल खुणेपर्यंत भरून झाकण, डिपस्टिक आणि ड्रेन बोल्ट सील करतात, 1000 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा खुणेपर्यंत किती घालावे लागले ते मोजतात आणि कंपनीच्या मर्यादेशी ताडून पाहतात. सर्व्हिसनंतर डिपस्टिक स्वतः पाहायची सवयही लावून घ्यावी. पुस्तिकेत साडेतीन लिटर लिहिलेले असताना चारचा डबा अख्खा रिकामा केला, तर जादा तेलाचा शिडकावा पीसीव्हीतून व्हॉल्व्हवरच जातो.

डिझेलची गोष्ट निराळी. तिथे ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून) येणारी काजळी तेलाच्या वाफेत कालवली जाते आणि मॅनिफोल्ड डांबरासारखे लिंपून निघते. ते आणि ईजीआर व्हॉल्व्ह उतरवूनच धुवावे लागतात.

डीलर दाद देत नसेल तर जॉबकार्ड क्रमांक आणि चेसिस क्रमांकासह कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करून तिच्या विभागीय तांत्रिक अभियंत्याकडून तपासणी मागावी. तेवढ्याने भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची. दरम्यान कंटाळून बाहेर काम करून घ्यायचे झाले, तर आधी डीलरला लेखी कळवावे आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असे व्हॉल्व्हचे फोटो काढून ठेवावेत. व्हॉल्व्ह एकदा साफ झाले की आयोगापुढे दाखवायला दुसरे काही राहत नाही.

– एक वाचक, चिंचवड, पुणे