दोष पिस्तुलाचा की मॅगझीनचा?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात कनिष्ठ गटाच्या नेमबाजी स्पर्धेचे वृत्त आले. त्यात एका मुलीविषयी ‘ऐन वेळी पिस्तुलाने दगा दिल्याने पदक हुकले’ असे वाक्य आहे. त्या दिवशी मी रेंजवर स्वयंसेवक म्हणून हजर होतो आणि घडलेला प्रकार मी चार पावलांवरून पाहिला. त्या पिस्तुलाने दगा दिलेला नव्हता. जे झाले ते टाळता येण्यासारखे होते, आणि आपल्याकडच्या रेंजवर ते इतक्या वेळा घडते की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. मी चौतीस वर्षे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केले. माझी मुलगी नऊ वर्षे २५ मीटर पिस्तूल हा प्रकार खेळली. त्या काळात नेम धरण्याविषयी मी फारसे शिकलो नाही, पण मॅगझीन, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या डब्या, मात्र पुष्कळ उघडली.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ बोअरचे, आपोआप पुढचे काडतूस घेणारे पिस्तूल वापरतात. पहिल्या ३० गोळ्या सावकाश झाडायच्या असतात, तर पुढच्या ३० जलद टप्प्यात. जलद टप्प्यात हात ४५ अंशांत खाली धरून उभे राहायचे, लक्ष्य ३ सेकंद खुले होते तेवढ्यात हात वर आणून एक गोळी झाडायची, मग ७ सेकंद थांबायचे. अशा पाच गोळ्यांची एक मालिका होते आणि त्या पाचही मॅगझीनमधून एकामागून एक वर याव्या लागतात.

त्या मुलीच्या दोन गोळ्या उत्तम गेल्या. तिसऱ्या वेळी तिने ट्रिगर ओढला, पण गोळी सुटली नाही. स्लाइड, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर मागे-पुढे सरकणारा पिस्तुलाचा भाग, पूर्ण बंद दिसत होती, मात्र चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, रिकामे होते, म्हणजे स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधल्या काडतुसाच्या वरून निघून गेली होती. गोंधळून तिने डाव्या हाताने स्लाइड मागे ओढली. त्यासरशी वर आलेल्या काडतुसाचे नाक चेंबरच्या तोंडाखालच्या उतारावर आपटले, शिसे वाकले आणि स्लाइड अर्ध्यावर अडकली. मग तिने हात वर केला. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तूल अडकले तर ते सुरक्षित दिशेला धरून, पकड न सोडता, मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत यंत्रणेला हात लावायचा नाही. असे केले आणि काडतूस खरोखरच अडकलेले आढळले तर तो बिघाड ग्राह्य धरला जातो. तपासणीआधी खेळाडूने स्लाइडला हात लावला तर तो ग्राह्य राहत नाही. त्यामुळे उरलेल्या तीन गोळ्यांचे शून्य धरले गेले. अधिकाऱ्यांचा निर्णय योग्यच होता.

स्पर्धा संपल्यावर तिच्या पालकांच्या परवानगीने आणि पिस्तूल रिकामे करून, चेंबरमध्ये सुरक्षा निशाण घातल्यावर मी तिची मॅगझीन पाहिली. तिच्याकडे दोन होती, अगदी सारखी, कोणावरही खूण नाही. एकात पेन्सिलीने फॉलोअर, म्हणजे काडतुसांना खालून वर ढकलणारा तो छोटा तुकडा, तळापर्यंत दाबला आणि सोडला. तो टचकन वर आला. दुसऱ्यात दाबून सोडला तर तो निम्म्यापर्यंत आला, क्षणभर थबकला आणि मग सावकाश वर सरकला. आतून पांढरे फडके फिरवले तर ते काळे, चिकट होऊन बाहेर आले. तिच्या आईने सांगितले, की पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून त्यांनी दोन्हींत दर रविवारी तेलाचे दोन थेंब सोडले होते. त्या माउलीने काळजीपोटी केले, त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण .२२च्या काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा थर असतो. ते मेण, जळलेल्या दारूची काजळी आणि तेल एकत्र आले की दाट लगदा तयार होतो. स्लाइड मागे जाऊन परत येते तो काळ डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी असतो. तेवढ्यात काडतूस वर पोचले नाही तर स्लाइड त्याच्यावरून निघून जाते. मॅगझीनच्या आतला भाग कोरडाच ठेवायचा असतो. गंजाची भीती असेल तर रेंजवरून आल्यावर ते सुटे करून पुसावे आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावे. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्या खेळाडूंनी तर हे विशेष पाळावे.

हे पिस्तूल इतके हळवे का, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. त्याचे कारण काडतुसात आहे. .२२ लाँग रायफल या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, तिला रिम म्हणतात. मॅगझीनमध्ये काडतुसे एकावर एक बसतात तेव्हा वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. ती मागे राहिली तर वरचे काडतूस पुढे सरकताना खालच्याच्या रिममध्ये अडकते आणि सगळे ठप्प होते. मुले मॅगझीनच्या बाजूचे, फॉलोअर खाली घेणारे बटण पूर्ण खाली ओढून धरतात आणि काडतुसे वरून नुसती टाकत जातात, तेव्हा हे हमखास होते. बटण एका काडतुसापुरतेच खाली घ्यावे, प्रत्येक काडतूस पुढून मागे सरकवत बसवावे आणि पाच भरल्यावर मॅगझीनची मागची बाजू तळहातावर हलकेच आपटावी. शिवाय स्पर्धेची काडतुसे आवाजाच्या वेगाच्या जवळपास किंवा खालीच राहणारी, सौम्य धक्क्याची असतात आणि स्लाइडची स्प्रिंग त्यांच्याच हिशेबाने दिलेली असते. गोळी अडकते म्हणून जास्त जोराची काडतुसे वापरून पाहण्याचा सल्ला मी रेंजवर ऐकला आहे. तो कोणी मानू नये. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि पिस्तूल मात्र झिजते.

दोष शोधायचा तो खुणेवरून शोधावा लागतो. रिकामे टरफल स्लाइडमध्ये उभे अडकले असेल तर तो बहुधा मॅगझीनचा प्रश्न नसतो, तिथे एक्स्ट्रॅक्टर (टरफल चेंबरमधून ओढून काढणारा आकडा), चेंबरमधला मळ किंवा सैल मनगट पाहावे. नव्या काडतुसाचे नाक उतारावर खालीच टेकले असेल तर मॅगझीन पूर्ण वर बसलेले नाही, त्यातली स्प्रिंग थकली आहे किंवा फॉलोअर अडखळतो आहे. पार्डिनी, मोरिनी यांसारख्या पिस्तुलांत मॅगझीन मुठीत न जाता ट्रिगरच्या पुढे बसते. ते ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबले नाही तर केसाएवढा फरक राहतो आणि पहिली गोळी सुरळीत जाऊनही दुसरी अडकते. नीट न बसवलेले मॅगझीन हा बिघाडही नियमानुसार ग्राह्य नसतो, याची आठवण मुलांना वारंवार करून द्यावी. दोन काडतुसे एकदम वर येत असतील तर मॅगझीनच्या वरच्या दोन दुमडलेल्या कडा, ज्यांना आम्ही ओठ म्हणतो, त्या फाकलेल्या असतात. आणि दर वेळी पाचवीच गोळी अडत असेल तर आधी मॅगझीनच्या स्प्रिंगकडे पाहावे, कारण शेवटच्या काडतुसाला तिचा जोर सर्वांत कमी मिळतो.

या ओठांविषयी माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. माझ्या मुलीचे एक मॅगझीन रेंजच्या काँक्रीटच्या फरशीवर तोंडावर पडले आणि डावा ओठ किंचित आत दबला. परदेशातून नवे मागवायचे तर किती दिवस लागतील याचा नेम नव्हता. टूलरूममधला माणूस म्हणून मला हातचे काम वाटले. मी बारीक पक्कड घेतली, नजरेच्या अंदाजाने ओठ सरळ केला आणि त्या संध्याकाळी पन्नास गोळ्या सुरळीत गेल्या. पुढच्या आठवड्यात निवड चाचणीत एकाच मालिकेत दोनदा दुहेरी काडतूस आले. नंतर व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, लावून दुसऱ्या मॅगझीनशी ताडून पाहिले, तेव्हा मागच्या बाजूला अंतर ०.२ मिलिमीटरने जास्त निघाले. कारखान्यात मी कोणाला मोजल्याशिवाय कानसही लावू दिली नसती. मुलीने मला त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही, आणि तेच मला जास्त लागले. तेव्हापासून माझा आग्रह आहे, की ओठ वाकवू नयेत, स्प्रिंग ताणून लांब करू नये, शंका असलेले मॅगझीन स्पर्धेच्या पेटीतून काढून बाजूला ठेवावे, आणि सराव करताना पायाशी जाड रबराची चटई घालावी.

सर्वांत सोपा उपाय मात्र रंगाच्या एका ठिपक्याचा आहे. प्रत्येक मॅगझीनवर क्रमांक घालावा आणि छोट्या वहीत तारीख, मॅगझीनचा क्रमांक, काडतुसांचा लॉट (म्हणजे ती कोणत्या उत्पादन-खेपेतली आहेत), कितवी गोळी अडली आणि कशी अडली एवढे लिहावे. दोष मॅगझीनबरोबर फिरत असेल तर तो मॅगझीनचा आहे. सगळ्या मॅगझीनमध्ये येत असेल तर पिस्तुलाकडे वळावे. लॉट बदलल्यावर थांबला तर काडतुसांचा आहे, आणि दुसऱ्या परवानाधारक नेमबाजाच्या हातात तेच पिस्तूल बिनदिक्कत चालले तर पकडीचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सरावात अडलेल्या गोळीला ‘असे होतेच’ म्हणून स्लाइड ओढून पुढे जायची जी सवय लागते, तीच सवय स्पर्धेत त्या मुलीचा हात स्लाइडकडे घेऊन गेली. सरावातही गोळी अडली की आधी थांबायचे, हात वर करायचा, काय दिसते ते तोंडाने सांगायचे, मग प्रशिक्षकासमोर मोकळे करायचे, असे शिकवले पाहिजे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकर हिच्या पिस्तुलात पात्रता फेरीत बिघाड झाला आणि तिची अंतिम फेरी हुकली, हे बहुतेक वाचकांना आठवत असेल. ते १० मीटरचे एअर पिस्तूल होते, त्यात मॅगझीनचा संबंध नव्हता, म्हणून दोन्ही घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. तरी तेव्हापासून शस्त्राची देखभाल हा विषय आपल्याकडे निदान चर्चेत आला. ज्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याच महाराष्ट्रातल्या जिल्हा पातळीवरच्या मुलांना फॉलोअर म्हणजे काय हे ठाऊक नसावे, हे मला सहन होत नाही.

जिल्हा संघटनांना माझी विनंती आहे, की .२२ पिस्तुलाच्या प्रत्येक स्पर्धेत आदल्या दिवशी दोन तास तपासणीचे एक टेबल असावे. त्यावर जाणकार शस्त्रकारागीर, एक व्हर्निअर, ब्रश, कोरडी फडकी आणि बारकाईने पाहणारी दोन माणसे एवढे पुरे आहे. शस्त्रकारागीर प्रत्येक जिल्ह्यात मिळणार नाही हे मान्य आहे. तिथे वर्षातून एकदा पुण्या-मुंबईहून बोलवावा आणि त्याच्या हाताखाली स्थानिक प्रशिक्षकांना बसवावे. आपल्या क्रीडा प्रतिनिधींना विनंती अशी, की ‘पिस्तुलाने दगा दिला’ असे लिहिण्यापूर्वी गोळी कशी अडली एवढे रेंज अधिकाऱ्यांना विचारावे. ती बातमी वाचून त्या मुलीच्या घरी नवे पिस्तूल घेण्याचा विचार सुरू झाला होता. कर्ज काढावे लागले असते. मी त्यांना थांबवले आहे. तिच्या मॅगझीनवर आता पांढऱ्या रंगात १ आणि २ असे आकडे आहेत. तेल पुसून कोरड्या केलेल्या १ क्रमांकातून तिने गेल्या रविवारी साठ गोळ्या झाडल्या आणि वहीत त्या तारखेपुढे ‘अडथळा नाही’ असे लिहिले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक,
चिंचवड, पुणे