सुध्यास पत्र : रिंग्जवरचा युरी

ठाणे

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

वहिनींकडून कळलं की प्लॅस्टर अजून तीन आठवडे राहणार आणि तू घरात सगळ्यांवर डाफरत असतोस. टाचेमागची शीर तुटली म्हणजे काय होतं, हे मी तुला सांगायला नको. पण फोनवर तू म्हणालास, ‘या दुखण्यातून जिम्नॅस्ट परत येत नाही,’ तेव्हा मला युरी केकी आठवला. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून पत्रच लिहितोय.

हा इटलीचा, टस्कनीतल्या प्रातो गावचा. जन्म ऑक्टोबर १९६९. घरच्यांनी नाव ठेवलं ते युरी गागारिनवरून. लाल केस आणि उंची जेमतेम सव्वापाच फूट. रिंग्जवर, म्हणजे वरून टांगलेल्या दोन कड्यांवर, ही उंची वरदानच. हात आखूड असले की क्रॉसमध्ये, म्हणजे दोन्ही हात आडवे ताणून शरीर अधांतरी धरताना, खांद्यावर येणारा भार कमी होतो. आपला देशपांडे सहा फुटी, रिंग्जला लोंबकळून कसा थरथरायचा ते आठव!

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रिंग्जवर तो सहावा आला. १९८९ आणि १९९१ च्या जागतिक स्पर्धांत कांस्य. १९९० आणि १९९२ मध्ये तो युरोपचा विजेता होता, म्हणजे बार्सिलोनाला पदक मिळणार असं सगळेच धरून चालले होते. आणि ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना अकिलीस टेंडन, म्हणजे तीच टाचेमागची शीर, तुटला. तुझाच टेंडन, फक्त तो बावीस वर्षांचा होता आणि तू एकावन्नचा, हा फरक मी विसरलेलो नाही. बार्सिलोनात रिंग्जचं सुवर्ण बेलारूसच्या श्चेर्बोनं नेलं. त्या खेपेला त्यानं एकट्यानं सहा सुवर्णं नेली, त्यातलंच ते एक.

पुढचा भाग तुला जास्त पटेल. फ्लोअरवरच्या कोलांट्या आणि व्हॉल्टची धावती उडी म्हणजे पायांची परीक्षा. रिंग्जवर पाय लागतात ते शेवटी खाली उतरताना. बाकी सगळा हिशेब खांदे, छाती, पाठ आणि दंडाचा. पायानं दगा दिला तरी हा दरवाजा उघडा होता. वर्षाच्या आत, एप्रिल १९९३ मध्ये, बर्मिंगहॅमला तो विश्वविजेता झाला. मग ब्रिस्बेन, साबाए, सान हुआन, लोझान. १९९३ ते १९९७, सलग पाच जागतिक सुवर्णं! इटलीत त्याला ‘रिंग्जचा स्वामी’ म्हणू लागले.

मधे १९९६ चं अटलांटा. ९.८८७ गुण. दुसऱ्या क्रमांकावर हंगेरीचा चोलानी आणि रुमानियाचा बुरिंका, दोघांचे सारखेच गुण. १९६४ ला टोकियोत मेनिकेल्लीनं फ्लोअरवर सुवर्ण घेतलं होतं, त्यानंतर जिम्नॅस्टिक्समधलं इटलीचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. त्याचा तो क्रॉस बघ. दोन सेकंद धरायचा असतो. तो असा धरतो की पंचाला मोजायची घाई नसावी. चेहऱ्यावर ताण दिसत नाही, तारा हलत नाहीत.

लोझाननंतर त्यानं खेळ सोडला, मग सिडनीसाठी परतला, आणि ऑलिंपिकच्या थोडं आधी दंडाचा, बायसेप्सचा टेंडन तुटला. ही दुखापत मला पहिलीपेक्षा क्रूर वाटते. पाय गेला तेव्हा हात होते. आता ज्या जागेवर सगळा क्रॉस उभा असतो तीच गेली. दुसरा कोणी असता तर टीव्हीवर समालोचन करत बसला असता, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं.

पण वडिलांच्या आजारपणात त्यानं परत उतरण्याचा शब्द दिला, आणि तो पाळला. २००४, अथेन्स. वय ३४. उद्घाटनाला इटलीचा झेंडा त्याच्या हातात. फायनलमध्ये ९.८१२, कांस्य. लोक अटलांटाचं सुवर्ण सांगतात, मी हे कांस्य त्याच्यावर ठेवतो. तिथे तो जगात सर्वोत्तम होता, जिंकणारच होता. इथे त्याच्यापेक्षा तरुण खांदे समोर होते आणि त्याचा स्वतःचा दंड शिवलेला होता.

शिवाय त्या दिवशीचा वाद. सुवर्ण यजमान ग्रीसच्या ताम्पाकोसला, ९.८६२. बल्गेरियाचा योवचेव ९.८५०, रौप्य. फरक फक्त बारा सहस्रांश गुणांचा! योवचेवच जिंकायला हवा होता, असं केकीनं उघडपणे सांगितलं. स्वतः तिसरा आलेला माणूस दुसऱ्याची बाजू घेऊन बोलतो, हे मला फार आवडलं. तुझ्यासारखा पंच मात्र म्हणेल, खेळाडूनं पंचांच्या कामात तोंड घालू नये. म्हण खुशाल.

रविवारी दुपारी येतोय. लॅपटॉप आणतो, अथेन्सच्या फायनलमधल्या या तिघांच्याही कसरती लावतो. ग्रीक प्रेक्षकांचा आरडाओरडा बंद करू, म्हणजे तुझ्यावर दडपण नको. तू कागद-पेन्सिल घेऊन बस आणि गुण काढ. योवचेव की ताम्पाकोस, ते तुझ्याकडून ऐकायचंय. वहिनींना सांग, जेवूनच येईन, चहा मात्र लागेल.

तुझा,
बाळ्या