बाबा, स्टिरॉइड सुरू करायच्या आधी एक डबी भरून द्या

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर पोटातल्या जंतांचा आणि शी तपासायचा विषय काढला की आई म्हणते "शी, जेवायच्या वेळी काय गं हे" आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. सावकाश वाचा, दोघांनी मिळून वाचा, आणि बाबा, चष्मा लावून.

परवा बाबांनी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवले ते मी नीट बघितले. छातीची घरघर कमी होत नाही म्हणून डॉक्टर म्हणालेत की प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड काही आठवडे घेऊन बघू. त्यांचं काही चुकलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, दम्याला स्टिरॉइड लागतं तेव्हा लागतंच. पण त्याच रिपोर्टमध्ये खाली इओसिनोफिल १४ टक्के लिहिलंय आणि त्याकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही. या रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, एकूण पांढऱ्या पेशींच्या साधारण ५-६ टक्क्यांच्या आत असतात. अॅलर्जीने वाढतात, दम्यानेही वाढतात, त्यामुळे दम्याच्या पेशंटमध्ये त्या वाढलेल्या दिसल्या तर कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र त्या वाचून तुमची ती कंबरेवरची लाल रेघ आठवली.

आठवतंय ना? मी शाळेत असल्यापासून बघतेय, अधूनमधून कमरेखाली किंवा मांडीवर एक बारीक लाल वळवळीत रेघ उठते, भयंकर खाजते, आणि मलम सापडेपर्यंत गायब. आपण त्याला "पित्त उठलं" म्हणायचो. आता मी दिवसभर लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते आणि मला ती रेघ पित्ताची वाटत नाही. स्ट्राँगीलॉइडिस नावाचा एक जंत आहे, त्याची अळी कातडीखालून सरकते तेव्हा अशी रेघ दिसते, तासाला ५ ते १० सेंटिमीटर एवढा तिचा वेग. आई, पुढच्या वेळी रेघ उठली की तिच्या टोकाला बॉलपेनने खूण कर, मोबाईलवर फोटो काढ, अर्ध्या तासाने परत काढ. रेघ खुणेच्या पुढे गेली असेल तर ते दोन्ही फोटो डॉक्टरांना दाखवायचे. पित्ताची गांध एका जागी उठते आणि विरते, ती अशी चालत जात नाही.

हा जंत आला कुठून म्हणाल तर मातीतून, आणि बहुतेक फार पूर्वी. ज्या मातीत माणसांची विष्ठा पडते तिथे अनवाणी चाललं की त्याची अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते, मग रक्तातून फुप्फुसात, तिथून वर घशात, आणि गिळली की आतड्यात. बाबा, तुम्हीच अभिमानाने सांगता की दहावीपर्यंत पायात चप्पल नव्हती. हो, पण त्याला पन्नास वर्षं झाली असं म्हणाल. तिथेच तर गंमत आहे (गंमत म्हणजे काय, आपली बोलायची पद्धत). बाकीचे जंत आपापलं आयुष्य संपलं की मरतात, मोठा गोल जंत साधारण एक-दोन वर्षं जगतो आणि त्याची अंडी बाहेर मातीत दोन-तीन आठवडे मुरल्याशिवाय कुणाला लागत नाहीत. स्ट्राँगीलॉइडिसला मात्र बाहेर जायची गरजच नाही, त्याच्या अळ्या आतड्यातच तयार होऊन परत त्याच माणसाच्या शरीरात शिरतात. असं चक्र दशकानुदशकं चालतं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात कैदेत असलेल्या सैनिकांमध्ये हा जंत घरी परतल्यावर चाळीस-पन्नास वर्षांनीही सापडलाय! आणि या सगळ्या काळात माणसाला फारसं काही होत नाही, कधी पोट बिघडतं, कधी खाज, कधी खोकला आणि घरघर. हो, घरघर सुद्धा, म्हणजे दमा म्हणून ज्याचा इलाज चाललाय त्यात याचाही हात असू शकतो. असेलच असं नाही.

आता स्टिरॉइडचं. आपली प्रतिकारशक्ती या जंताला इतकी वर्षं दाबून ठेवते, आणि स्टिरॉइडचं कामच प्रतिकारशक्ती खाली आणायचं. मग अळ्या बेसुमार वाढतात, आतडं फोडून फुप्फुसात, मेंदूत, कुठेही जातात, आणि जाताना आतड्यातले जिवाणू अंगावर घेऊन जातात, त्यामुळे रक्तात जंतुसंसर्ग होतो, मेंदूज्वर होतो. तिथपर्यंत गोष्ट गेली तर आयसीयूमध्येही माणूस वाचवणं अवघड होतं. २०२० मध्ये कोविडच्या पेशंटना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड द्यायला लागले तेव्हा डॉक्टर मंडळींनी याच कारणासाठी एकमेकांना सावध केलं होतं. घाबरवायला नाही लिहीत, असं क्वचित होतं. पण आधी तपासलं तर हे टळतं, आणि त्यावरचं आयव्हरमेक्टिन वजनाप्रमाणे मोजून एक-दोन दिवस घ्यायचं असतं, बस्स. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मी रात्रभर जागी राहायला तयार नाही.

तुमचं उत्तर मला माहितीये, "गेल्या वर्षी स्टूल टेस्ट केली, काही निघालं नाही, आणि जंताची गोळी पण घेतली." सांगते. ती अल्बेंडाझोलची एक ४०० मिलिग्रॅमची गोळी गोल जंताला छान लागू पडते, या जंतावर तिचा भरवसा नाही. आणि एका तपासणीत काही दिसलं नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही, कारण याच्या अळ्या विष्ठेत फार कमी आणि कधीकधीच पडतात, एका नमुन्यात निम्म्याहून जास्त वेळा सुटतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघते ना रोज. काचेवर सलाईनचा थेंब, त्यात काडीच्या टोकावर येईल एवढीशी शी, वर कव्हरस्लिप, आणि मग एका कोपऱ्यातून सुरू करून ओळीने सगळं बघायचं. गोल जंताची अंडी लगेच ओळखू येतात, एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत घालते, चुकवीन म्हटलं तरी चुकत नाहीत. स्ट्राँगीलॉइडिसची अंडी दिसतच नाहीत, दिसली तर अळी दिसते, पारदर्शक, चाबकासारखी हलणारी, आणि बाजूचे कण ढकलत दृष्टीआड जाते. एकदा वीस मिनिटं बघून मी काच टाकायलाच निघाले होते आणि शेवटच्या ओळीत ती हलली, अंगावर काटा आला होता. म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने आणि शिवाय रक्तातली अँटिबॉडीची तपासणी, दोन्ही करायचं. डॉक्टरांना एवढंच सांगा की लहानपणी अनवाणी फिरलोय, रेघ उठते, इओसिनोफिल जास्त आहेत, स्टिरॉइडच्या आधी स्ट्राँगीलॉइडिस बघायचा का. कधीकधी रिपोर्टची वाट न बघता औषध आधी देऊन टाकतात, ते त्यांना ठरवू दे. पण मधेच खूप दम लागला आणि त्यांनी स्टिरॉइड तातडीने दिलं तर "मुलगी नको म्हणाली" असं म्हणून अडून बसू नका. तेव्हा घ्यायचं आणि हे त्यांच्या कानावर घालायचं.

आता आई, तुझी पाळी.

तुझं हिमोग्लोबिन ८.९ आहे आणि तू म्हणतेस जंत असतील, गोळी घेते. असूही शकतात, हुकवर्म जेमतेम सेंटिमीटरभर असतो पण आतड्याला चिकटून रक्त पितो, शेकड्यांनी असले तर माणूस पांढरा पडतो, जिना चढताना धाप लागते, आणि काहींना माती किंवा खडू खावासा वाटतो. पण तुझ्या वयात रक्त कमी झालं तर जंतांच्या नावावर बिल फाडून मोकळं व्हायचं नाही. अल्सर असू शकतो, गुडघ्यासाठी घेतेस त्या गोळ्यांनी पोटात रक्त झिरपत असेल, आतड्यात गाठ असेल तरी पहिलं लक्षण कधीकधी हेच असतं. तुझी शी काळी डांबरासारखी होते का हे मी फोनवर विचारलं तर तू लाजून विषय बदललास. लाजू नकोस गं, मी दिवसभर दुसरं काय बघते!

आणि चिनू तुझ्याकडे झोपतो तेव्हा रात्री ढुंगण खाजवतो म्हणालीस, ते मात्र खरंच जंत वाटतात. गोड खाल्ल्याने नाही होत ते, आणि दात खातो म्हणून जंत आहेत हेही खरं नाही, हे तुला मी शंभरदा सांगितलंय. हे सुतासारखे पांढरे पिनवर्म, मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते म्हणून रात्रीच खाज. स्टूल टेस्टमध्ये हे बहुतेक वेळा सापडत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या, संडास-आंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेप तिथे दाबून काचपट्टीवर चिकटवायची आणि लॅबला द्यायची. आम्ही लहान असताना तू टॉर्च घेऊन बघायचीस, तेही चालतं, झोपल्यावर दोन-तीन तासांनी. निघालं तर एकट्या चिनूला औषध देऊन उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी आणि दोन आठवड्यांनी परत, तेही डॉक्टरांना विचारून. चादरी धुवायच्या, त्याची नखं कापायची. धोका फारसा नाही, वैताग भरपूर.

बाकीचं थोडक्यात लिहिते म्हणजे लक्षात राहील. वास मारणारी, तेलकट, पाण्यावर तरंगणारी शी, पोट फुगणं, गॅस आणि वजन उतरणं हे आठवडाभराच्या वर चाललं तर जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असू शकतो. रक्त आणि आव पडली तर अमिबा असू शकतो, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी जरी ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दुखलं तरी त्याच दिवशी दवाखाना, कारण तो लिव्हरमध्ये गळू करतो. पट्टीसारखे चपटे पांढरे तुकडे दिसले तर टेपवर्म. डुकराचं मांस खात नाही म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही असं बाबा म्हणतात ते अर्धंच खरं आहे, कारण दुसऱ्या कुणाच्या पोटातल्या टेपवर्मची अंडी न धुतलेल्या हातावरून पोटात गेली तर शाकाहारी माणसाच्याही मेंदूत गाठी होतात आणि झटके येतात. म्हणून मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली तर डॉक्टर स्कॅनमध्ये याही गाठी शोधतात.

नमुना कसा घ्यायचा ते सांगते, कारण गेल्या वेळी गोंधळ झाला होता. स्वच्छ कोरड्या डबीत, लघवी किंवा पाणी मिसळू न देता, सुपारीएवढी पुरे, डबी काठोकाठ भरायची नाही. आव किंवा रक्त असेल तर तो भाग आधी. फ्रीजमध्ये ठेवू नका, या अळ्यांना थंडी सोसत नाही, सकाळी लवकर नेऊन द्या.

मी शनिवारी फोन करते, तोपर्यंत पहिली डबी गेलेली असू दे. आणि डबीवर नाव नीट लिहा, मागच्या वेळी बाबांनी आपल्या डबीवर आईचं नाव लिहिलं होतं आणि आईने बिचारीने फुकट पंधरा दिवस औषध घेतलं.

तुमची,
ताई