त्या रात्रीच्या नर्सताई, डूला (बाळंतपणातली सोबतीण) आणि काकू, मनापासून थँक्यू

मागच्या महिन्यात इथे न्यू जर्सीत आमची लेक झाली, नावं घेत नाही पण आभार मानल्याशिवाय राहवत नाहीये. 36व्या आठवड्यात स्वॅब घेतला तर ग्रुप बी स्ट्रेप (जन्मताना बाळाला लागू शकणारा जंतू) पॉझिटिव्ह, खूप रडले मी, कारण मला एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) न घेता चालत-फिरत डिलिव्हरी हवी होती आणि आता कळांमध्ये शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं म्हणून सलाईनला बांधून ठेवणार असंच वाटलं. पण नर्सताईंनी पेनिसिलिनचा पहिला डोस, 50 लाख युनिट, गेला की नळी काढून हातात नुसतं लॉक (शिरेतली, तोंड बंद केलेली सुई) ठेवलं, पुढचा डोस 4 तासांनी, मधल्या वेळात मी मोकळी! औषध जाताना हात जाम जळजळत होता, सांगितल्या सांगितल्या त्यांनी ड्रिप हळू केली. डूला प्रत्येक कळेला कमरेवर दाब देत होती, शॉवरला जाताना सुईवर प्लास्टिक गुंडाळून द्यायची, रात्रभर बसली नाही ती. बाळ यायच्या आत 2 डोस झाले, लेक एकदम ठणठणीत. आणि शेजारच्या काकू, तुम्ही पाठवलेला मेतकूट-भात मी बेडवर बसूनच खाल्ला, तिला कुशीत घेऊन.