चुन-लीपासून वेन्बापर्यंत : मित्रास पत्र

साखर पेठ, सोलापूर
१८ डिसेंबर २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझा प्रश्न मी कामावर जाता-येता मनात घोळवत होतो. तू लिहिलेस की, व्हिडिओ गेममधल्या नायिका बहुतेक करून मुलग्यांच्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून घडवलेल्या बाहुल्या असतात, त्यांच्या जागी पुरुष उभा केला तरी खेळात काडीचा फरक पडत नाही. मग चाळिशी ओलांडलेला तुझा हा मित्र त्यांच्याबद्दल इतक्या मायेने का बोलतो, आणि त्यांतली सर्वांत जवळची म्हणून एकच नाव सांगायचे तर कोणाचे? तुझे म्हणणे काही ठिकाणी खरे आहे आणि ते मी पुढे मान्यही करणार आहे. पण माझी माया जिथून सुरू झाली तिथूनच सांगायला हवे.

नवी पेठेतल्या बोळातले ते व्हिडिओ गेम पार्लर तुला आठवत असेल. रुपयाला एक टोकन मिळायचे आणि स्ट्रीट फायटर टूच्या मशीनभोवती मुलांचे कोंडाळे असायचे. एकदा संध्याकाळी अम्माने मला बोलावून आणायला अक्काला पाठवले. ती दारात उभी राहून हाका मारत होती आणि मी हलत नव्हतो. शेवटी ती आत आली, माझ्या हातातले टोकन घेतले आणि स्वतःच मशीनसमोर उभी राहिली. निवडायला आठ लढवय्ये होते आणि त्यांत बाई एकच, चुन-ली. अक्काने तिच्यावर बोट ठेवले. चुन-ली वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली पोलीस अधिकारी आहे, कॅपकॉमने १९९१ मध्ये हा खेळ काढला, हे सगळे आपल्याला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी अक्काला एवढेच दिसले की तिथे एक मुलगी आहे.

लाथेचे बटण भराभर दाबत राहिले की चुन-लीच्या लाथांचा पाऊस सुरू होतो. ही युक्ती तिला कोणी सांगितली नव्हती. तिची बोटेच तशी होती. शाळा सुटल्यावर अम्माशेजारी बसून ती विड्या वळायची. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा गुंडाळणे, तोंड बंद करणे, आणि मजुरी हजार विड्यांवर मोजलेली. त्या बोटांना बटण दाबणे किती सोपे! समोरचा मुलगा हरला, चुन-ली आनंदाने उड्या मारू लागली आणि अक्काही तशीच हसली. त्यानंतर पार्लरवाल्याने तिला शांतपणे सांगितले की, मुलींनी इथे येत जाऊ नये. ती पुन्हा कधी आली नाही. मी मात्र दुसऱ्याच दिवशी गेलो, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून माझ्या मनात एक मोजमाप नकळत तयार झाले. सिनेमातली नायिका आपण समोर बसून पाहतो, ती आपल्यावाचून चालते, रडते, जिंकते. खेळातली बाई मात्र माझा अंगठा हलल्याशिवाय एक पाऊलही टाकत नाही, आणि म्हणून तिचे काम, तिची सवय, तिची भीती आधी माझ्या हातात यावी लागते. जिचे करणे असे हातात उतरते, ती मला जवळची वाटते. जिला नुसते पाहायला ठेवलेले असते, ती कितीही देखणी असली तरी आठवड्याभरात विसरायला होते.

लारा क्रॉफ्ट घे. तुझा सगळा राग तिच्यावर आहे आणि त्याचे कारण तिची पोस्टर आहेत. ती पोस्टर तुझ्या मामांच्या दुकानात आपण दोघांनीही टक लावून पाहिली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खेळ आठव. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोर डिझाइन या कंपनीने १९९६ मध्ये पहिला टूम रेडर काढला आणि लाराची कल्पना टोबी गार्ड या तरुण चित्रकाराची होती. पहिल्या खेळानंतर त्याने ती कंपनी सोडली. त्या खेळाच्या सुरुवातीला लारा चक्क कलकत्त्याच्या एका हॉटेलात भेटते, आणि ते पाहून तू खुर्चीतून उठला होतास. पुढे गुहेत शिरल्यावर पोस्टरमधली बाई कुठेच उरली नाही. उरली ती आपल्याकडे पाठ करून उभी असलेली, पावले मोजणारी एक एकटी बाई.

ती पावले मला अजून पाठ आहेत. सगळी गुहा चौकोनी ठोकळ्यांची बांधलेली होती. चालण्याचे बटण दाबून ठेवले की लारा कड्याच्या काठाशी आपोआप थांबायची. मग मागे एक उडी, पुढे धाव, अगदी काठावर उडीचे बटण, आणि हवेत असतानाच पकडीचे बटण दाबून धरायचे, ते सुटले तर लारा खाली गेली. घाई करणाऱ्याला तिथे क्षमा नव्हती. आपण दोघे श्वास रोखून त्या उड्या मारायचो, आणि पलीकडच्या दगडाला तिची बोटे लागली की जणू आपलीच बोटे लागली असे वाटायचे. तिच्या धाडसाबद्दल कोणी भाषण केले नव्हते. ते धाडस म्हणजे नीट मोजलेले एक पाऊल होते, आणि ते आपण मोजत होतो. २०१३ मध्ये लारा नव्याने घडवली गेली, रियाना प्रॅचेट या लेखिकेने ती कथा लिहिली, आणि तुझ्यासारख्या पुष्कळांना ही जखमी, घाबरलेली, माणसासारखी लारा अधिक आवडली. मला तिचा आदर वाटतो. पण या खेळात ती बऱ्याचशा कपारी स्वतःच पकडते, मी कंट्रोलरची काठी पुढे ढकलली की पुरे. तिचे दुःख जास्त दिसते, पण तिचे हात माझे राहत नाहीत, आणि माझे मन अजून जुन्या ठोकळ्यांच्या लारापाशीच अडकलेले आहे.

आता तुझे जे खरे आहे ते मान्य करतो. १९८६ च्या मेट्रॉइडमध्ये जाड चिलखताच्या आत सॅमस अरान नावाची बाई आहे, हे खेळ लवकर संपवणाऱ्यालाच शेवटी कळते, आणि जितके लवकर संपवाल तितके तिच्या अंगावरचे कमी होत जाते. म्हणजे बाई असणे हे तिथे बक्षीस म्हणून ठेवलेले आहे. ते गुपित त्या काळी किती धक्का देणारे होते याचे लोक कौतुक करतात. मला त्या बक्षिसाने आजही अस्वस्थ व्हायला होते. तिच्या जागी पुरुष असता तर खेळताना खरोखरच काही बदलले नसते. पोर्टलमधली चेल हीदेखील तशीच, एक शब्द न बोलणारी; पण तिथे एक गोष्ट मला फार भावते. तिचा चेहरा आपल्याला सहजी दिसत नाही, आपणच भिंतीत उघडलेल्या दोन दारांतून नेमक्या कोनाने पाहिले तर क्षणभर ती दिसते, आणि तेव्हा कळते की इतका वेळ आपण एका बाईच्या डोळ्यांनी पाहत होतो.

होरायझनमधल्या एलॉयबद्दल तू भरभरून लिहिले आहेस. तिचे जग सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु मी कोडे पाहून विचार करायला लागतो न लागतो, तोच ती उत्तर मोठ्याने बोलून मोकळी होते, आणि म्हणून तिच्याशी माझी गट्टी जमली नाही.

जेडशी मात्र जमली. बियाँड गुड अँड इव्हिल हा २००३ चा खेळ तू खेळला नसशील, तर जरूर खेळ. जेड दीपगृहात अनाथ मुलांना सांभाळते, आणि खेळाच्या सुरुवातीलाच त्या घराचे संरक्षण करणारी वीज बंद पडते, कारण पैसे भरलेले नसतात. मग ती पैशांसाठी काय करते? कॅमेरा घेऊन आपल्या ग्रहावरच्या प्राण्यांचे फोटो काढते. लढाया आहेत, काठी आहे, पण माझ्या बोटांना आठवतो तो कॅमेरा. पाखरू चौकटीत येईपर्यंत दम धरायचा आणि मग बटण दाबायचे. महिनाअखेरीस विजेचे बिल हातात घेऊन बसणारी बाई आपण दोघांनीही आपापल्या घरात पाहिली आहे. अशी नायिका खेळात भेटेल असे मला वाटले नव्हते. पुढे त्याच कॅमेऱ्याने ती सत्ताधाऱ्यांचे खोटे उघडे पाडते, आणि ते तिला शोभते.

हेलब्लेडमधली सेनुआ मी एकदाच खेळलो, पुन्हा धीर झाला नाही. २०१७ चा हा खेळ निन्जा थिअरी या केंब्रिजच्या कंपनीने मनोविकारतज्ज्ञांचा आणि डोक्यात आवाज स्वतः ऐकलेल्या माणसांचा सल्ला घेऊन केला. हेडफोन लावले की सेनुआच्या डोक्यातले आवाज आपल्या दोन्ही कानांभोवती फिरतात, तिची टिंगल करतात, घाबरवतात, आणि लढाईत शत्रू पाठीमागून आला की तेच आवाज ‘मागे!’ म्हणून सावधही करतात. छळणाऱ्या आवाजांवरच विसंबून जगायचे, ही तिची अवस्था मला कोणत्याही वर्णनाने कळली नसती. ती भूमिका मेलिना युर्गेन्स हिने केली, जी त्याच कंपनीत व्हिडिओ संकलनाचे काम करत होती आणि अभिनेत्री नव्हती. तिला पुढे बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. आपल्या गल्लीत एक बाई एकटीच बोलत फिरायची आणि आपण पोरे तिच्या मागे ओरडत जायचो, ते तुला आठवते का? खेळ संपल्यावर मी बराच वेळ हेडफोन न काढता तसाच बसून होतो.

आणि एली. द लास्ट ऑफ अस पार्ट टू तू दोनदा संपवला आहेस, म्हणून मोकळेपणाने लिहितो. लोक त्यातल्या सूडाबद्दल आणि जिच्यावर एली तो उगवायला निघते त्या ॲबीबद्दल वाद घालतात. मी गिटारबद्दल लिहीन. तिला बापासारखा असलेल्या जोएलने शिकवलेली गिटार एली वाजवते तेव्हा तारा आपल्याला छेडाव्या लागतात. एका हाताने स्वर निवडायचा, दुसऱ्या हाताचे बोट कंट्रोलरच्या पृष्ठभागावरून फिरवायचे. म्हणजे ती शिकली तसे थोडे आपणही शिकतो. मग शेवटी, सगळे संपल्यावर, रिकाम्या घरात ती पुन्हा गिटार घेते, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटे आता नाहीत. आपण तोच स्वर निवडतो, तसेच बोट फिरवतो, आणि सूर तुटका येतो. माझी दहाही बोटे शाबूत असताना माझ्या हातून सूर लागला नाही! या जागी तू पुरुष उभा करून पाहा, असे मी तुला म्हणणार नाही, कारण कदाचित पुरुषाचीही बोटे गेली असती. पण ही मुलगी चौदा वर्षांची असल्यापासून आपल्याबरोबर वाढलेली आहे, आणि तिच्या जागी कोणालाच उभे करता येत नाही, इतकी ती स्वतः झाली आहे.

या भाऊबीजेला अक्का विजापूरहून आली होती. तिच्यासाठी मी राजी लावून ठेवला. हा खेळ आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने केला आणि तो २०२० मध्ये आला. राखीपौर्णिमेच्या जत्रेत असुर लहान मुलांना पळवून नेतात, त्यांत सर्कशीतल्या राजीचा भाऊ गोलू असतो, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल आपसांत बोलत असतात. राजी भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन त्रिशूळ चालवते; तिचे लढणे सैनिकाचे नाही, सर्कशीत कसरत करणाऱ्या मुलीचे आहे, आणि हे मला फार योग्य वाटले. शेवट घाईने गुंडाळला आहे, हा माझा आक्षेप कायम आहे. अक्काला लढाया जड गेल्या. पण वर्तुळे फिरवून नक्षी जुळवायची कोडी आली की ती माझ्या आधी सोडवायची, रांगोळीचा हात आहे तिचा. मध्येच थांबून ती म्हणाली, ‘‘बहीण भावाला शोधायला निघाली आहे, असे प्रथमच पाहते आहे.’’ मला ते पार्लर आठवले. मला बोलवायला ती आली होती, हे तिला आठवत होते की नाही, ते मी विचारले नाही.

वेन्बा आम्ही तिघांनी मिळून खेळला, म्हणजे मी, अक्का आणि शेजारी बसून पाहणारी अम्मा. कॅनडातल्या टोरंटोच्या व्हिसाई गेम्सने २०२३ मध्ये केलेला हा छोटा खेळ एका तमिळ आईचा आहे. ती १९८० च्या दशकात नवऱ्याबरोबर कॅनडात जाऊन राहते, तिच्याजवळ आईने दिलेली पाककृतींची वही आहे, आणि तिची पाने फाटलेली, पुसट झालेली आहेत. गाळलेल्या पायऱ्या आपण ओळखून स्वयंपाक पुरा करायचा. इडली, पुट्टू, बिर्याणी. तलवार नाही, कडा नाही. भांडे कधी चढवायचे आणि थर कोणत्या क्रमाने लावायचे, एवढेच. मी चुकलो की अम्मा तेलुगूत सांगायची, आणि ती बहुधा बरोबर असायची. वेन्बाचा मुलगा कविन मोठा होत तमिळपासून दूर जातो, डबा लपवतो, आईशी इंग्रजीत बोलतो. आपल्या घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी, असे आपण वाढलो. आज अम्मा माझ्या मुलाला तेलुगूत विचारते आणि तो मराठीत उत्तर देतो. कविनने आईला तोडून बोलायचा प्रसंग आला तेव्हा माझा मुलगा दारात उभा होता. तो काही बोलला नाही, आत येऊन आजीशेजारी बसला.

तू एकच नाव मागितले होतेस. माझे नाव वेन्बाचे. लाराइतक्या उड्या तिने मारल्या नाहीत, पण जुन्या लारानंतर इतक्या बारकाईने माझ्या हातांना कोणी कामाला लावले नव्हते, आणि ते काम मी आयुष्यभर अम्माच्या हातांत पाहत आलो, स्वतः कधी केले नाही.

गड्ड्याच्या जत्रेला अक्का पुन्हा येणार आहे आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीपर्यंत राहणार आहे. तूही ये. तुझ्याकडचा कंट्रोलर घेऊन ये, आमच्या कंट्रोलरची डावी काठी आपोआप सरकते. जुना स्ट्रीट फायटर मी घेऊन ठेवला आहे, आणि अक्काने आत्ताच सांगून ठेवले आहे की चुन-ली दुसऱ्या कोणी घ्यायची नाही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच मित्र