'लिनक्स – १ नग' : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

वर खात्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं की पत्र "सदर बाब या विभागाच्या अखत्यारीत येत नाही" असा शेरा मिरवत दुसऱ्या विभागात जातं. सहा महिन्यांत हा प्रवास तीनदा झालाय.

मी पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत संगणक शिकवतो. गेल्या गुरुवारी शाळेला आपल्याकडचा कागद आला. संगणक कक्षातील २२ पैकी १८ संगणक वापरात नसल्याचे आढळले, तरी संबंधित शिक्षकाने सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा वगैरे. संबंधित शिक्षक म्हणजे मी. खुलासा मुख्याध्यापकांमार्फत पाठवायचा असतो हे ठाऊक आहे. तसाही पाठवलाय. हा जास्तीचा, चारचौघांत वाचण्यासाठी.

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यानंतर महिन्याभरात आपण आमच्याच शहरात एका व्यासपीठावरून म्हणालात की शाळांचा एकही संगणक भंगारात जाणार नाही, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स घालून देऊ आणि तेही फुकट. मी मागून चौथ्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. घरी दहा वर्षं डेबियन नावाचं लिनक्सच वापरतोय, म्हटलं चला, कुणालातरी कळलं.

जानेवारीत ठेकेदाराचा पोरगा आला. कंबरेच्या पाऊचमध्ये रबरबँड लावलेले चार पेनड्राइव्ह. मी विचारलं, कोणता डिस्ट्रो टाकतोयस? म्हणाला, "सर, लिनक्सच आहे, सगळं सेमच असतं." चारही पेनड्राइव्ह वेगवेगळे होते. एक खाली काढला की दुसऱ्या संगणकाला दुसरा, असं करत दुपारी तीनपर्यंत त्याने २२ संगणकांवर चार तऱ्हांचं लिनक्स घातलं आणि चहा न घेता गेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला दर नगामागे पैसे मिळत होते.

तर साहेब, सगळं सेम नसतं. आपल्या सल्लागारांनी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगतो. लिनक्स हे खरं तर नुसत्या गाभ्याचं, कर्नलचं नाव. लिनस टॉरवाल्ड्सने तो १९९१ साली लिहायला घेतला. (त्याच वर्षी आमच्या पुण्यात 'परम ८०००' महासंगणक उभा राहिला. तेव्हा आपण बरोबरीने धावत होतो, एवढंच नमूद करतो.) नुसत्या कर्नलने मुलांना मराठीत निबंध टंकता येत नाही. त्याभोवती बाकीचं सामान जमवून, तपासून, बांधून देतात ते डिस्ट्रो. सदाशिव पेठेतल्या खानावळी आठवा. गहू एकाच बाजारातला. पण एक खानावळ दोन-दोन वर्षं मेनू बदलत नाही, दुसरी रोज बदलते, आणि जेंटू नावाची एक तर गहू हातात देऊन जातं दाखवते. कुणाची पोळी मऊ, हा भाग वेगळा. कार्ड कधीपर्यंत चालणार आणि पोट बिघडलं तर कोण बघणार, हे आधी विचारायचं असतं.

आपल्या निविदेत हे कुणी विचारलं नाही. मी कागद पाहिलाय. अनुक्रमांक ७, लिनक्स, १ नग.

आता कक्षात या. पहिल्या रांगेत सहा संगणकांवर उबुंटू. उबुंटू चांगलं, पण त्याच्या दोन जाती. दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, मधल्या आवृत्त्या फक्त नऊ महिने. पोराच्या पेनड्राइव्हवर मधली होती आणि तिची मुदत घालायच्या आधीच संपली होती. काहीही मागवा, उत्तर येतं ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

दुसऱ्या रांगेत सात संगणकांवर सेंटओएस ७. हे सर्व्हरवाल्यांचं. ३० जून २०२४ ला त्याचा कारभार आटोपला. त्यात सामान आणून देणाऱ्या प्रोग्रामचं नाव 'यम', आता काय बोलायचं! शिवाय पोराने 'मिनिमल' हा आयता निवडलेला पर्याय तसाच ठेवला. त्यात खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, माऊसला काम नाही. काळा पडदा आणि त्यावर 'लोकलहोस्ट लॉगिन', म्हणजे हाच संगणक तुमचं नाव विचारतोय. सहावीतल्या एका मुलीने बोट ठेवून विचारलं, "सर, हे लोकलहोस्ट कोण? त्यांना बोलवायचं का?" तिच्या शेजारची दोन पोरं दाराकडे बघायला लागली.

तिसऱ्या रांगेत पाच संगणक आर्चच्या घराण्यातले. यात आवृत्ती अशी नसतेच, रोज नवं येत राहतं, ज्याला रोज बघायला वेळ आहे त्याने जरूर वापरावं. आमच्याकडे मे महिना सुट्टी. जूनमध्ये उघडून अपडेट दिला तर नव्या सामानावरच्या डिजिटल सह्यांवर विश्वास नाही म्हणून सगळंच अडून बसलं. सह्या पडताळणाऱ्या किल्ल्यांची जुनी पेटी आधी नवी करावी लागते, ते मी रात्री साडेनऊपर्यंत बसून पाचपैकी दोनांवर केलं. दुसऱ्या अपडेटला तेही गेले.

उरलेल्या चारांवर डेबियन. १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं, सावकाश, कंटाळवाणं, आणि चालतं. ऑगस्ट २०२५ मधली आवृत्ती, तीन वर्षं मूळ चमू बघणार, पुढची दोन दुसरा चमू. तारीख लिहून दिलेली आहे. आपल्या व्यासपीठावरच्या वाक्याला तारीख होती का, साहेब?

एवढ्यावर भागलं असतं. मार्चमध्ये आपल्याकडून मूल्यमापनाचं ॲप आलं. ते डॉट डेब फाईलमध्ये, म्हणजे डेबियन आणि उबुंटूच्या घराण्यापुरतं. सेंटओएसला आरपीएम लागतं, आर्चचं तिसरंच. उबुंटूला ते चाललं असतं, पण त्याला लागणारं बाकीचं सामान कुठून आणणार, तर ४०४. मदतवाहिनीवर फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "एक्सई फाईलवर डबल क्लिक करा." मी म्हटलं, ताई, एक्सई विंडोजची, हे लिनक्स आहे. म्हणाल्या, "हो, त्यावरच."

तपकीर गल्लीतून रॅम आणली ती माझ्या खिशातून, ६,४०० रुपये, पावती आहे. कंबरेचा पट्टा वेगळा. टेबलाखाली वाकून वाकून वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मणका बोलायला लागलाय. घरी विचारतात, हे तुमचं काम आहे का? नाही. पण माझं कोणतं काम माझं होतं? मतदार याद्या माझ्या होत्या? हिशोब घाईचा आहे, पण मांडतोच. एक संगणक ३५,००० चा धरला तर १८ चे झाले सहा लाख तीस हजार. अशा शंभर शाळा धरा. शंभर का धरायच्या, तर त्याच ठेकेदाराचे तेच चार पेनड्राइव्ह आमच्यानंतर कुठे कुठे फिरले असतील, याची मला रात्री झोप लागत नाही. सहा कोटी तीस लाख, वाचवायला निघालेले. लिनक्स फुकट असतं हे खरं, निवडायला डोकं लागतं आणि ते दरपत्रकात बसत नाही. सगळ्यात कमी दराची निविदा घ्यायची, हा एकच निकष. डांबर असो, बाकं असोत की ऑपरेटिंग सिस्टीम. सगळं नगावर.

आणि हे शोधायला परदेशात जायला नको होतं. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे. त्यांनी 'बॉस' नावाचं डेबियनवर बेतलेलं लिनक्स २००७ मध्येच काढलं. मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण केंद्राने २०१५ ला जाहीर केलं. केरळ आपल्या शाळांमध्ये उबुंटूवर बेतलेला एकच संच वापरतं, शिक्षकांना त्यावर शिकवून. एकच संच असला की एका शाळेतला मास्तर दुसऱ्या शाळेला फोनवर मदत करू शकतो. माझ्या कक्षात दुसऱ्या रांगेतला मुलगा तिसऱ्या रांगेतल्याला मदत करू शकत नाही.

वचनं तिकडे, लिनक्सच्या दुनियेतही मोडतात, नाही असं नाही. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सांभाळू असं सांगून सेंटओएसवाल्यांनीच डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की २०२१ अखेर बंद. पण लोक चिडले आणि कामाला लागले, चार महिन्यांच्या आत त्याची जागा घेणारं अल्मालिनक्स हजर. इकडे लोक चिडले की कारणे दाखवा नोटीस येते.

मागणं फार नाही. सर्व २२ संगणकांवर एकच डिस्ट्रो, दीर्घ मुदतीचा, मुदतीची तारीख कागदावर. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आधीच बसवलेला. ॲप त्याच डिस्ट्रोवर तपासून मग पाठवणे. आणि ती नोटीस मागे. तोवर बुधवारी सहावीचा तास आहे, चार संगणक आणि अडतीस मुलं.

कळावे,
संबंधित शिक्षक

ता. क. – उपयोगिता प्रमाणपत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मार्चअखेर होती, निधी परत जाईल म्हणाले. "लिनक्स, १ नग, सुस्थितीत मिळाले" असं लिहिलंय आणि खालची सही माझीच आहे.